‘आणि पार्टी’ म्हणजे कोण?

पोस्ट लांब आहे. ज्यांना शेवटपर्यंत वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी मुद्दा आधीच सांगून टाकतो. शाहिरी असो, भीमगीतं असोत, जागरण-गोंधळ, भारूड की कव्वाली असो, पुढे उभं राहून गाणाऱ्याचं नाव आपण मोठ्या अक्षरात लिहितो आणि त्याच्या मागे उभं राहून आयुष्यभर गाणाऱ्यांना ‘आणि पार्टी’ म्हणून मोकळे होतो. ही नुसती बेअदबी असती तर मी एवढं लिहीत बसलो नसतो. या दोन शब्दांपायी म्हाताऱ्या माणसांचे महिन्याचे पाच हजार रुपये बुडतायत. आणि ते थांबवायला दर वेळी सरकारच लागतं असंही नाही. अर्धं काम आपल्याच हातातलं आहे. 14 जानेवारी जवळ आलाय, बॅनर छापायला जायच्या आत हे वाचा, म्हणून आजच लिहितोय.

आधी भाषेचं. ‘री ओढणे’ हा शब्द आपण सगळेच वापरतो. अमक्याने साहेबांची री ओढली, तमक्याने पक्षाची री ओढली. म्हणजे स्वतःचं डोकं गहाण ठेवून दुसऱ्याच्या होला हो केलं. ‘झील धरणे’ याचाही आपण तोच अर्थ करून ठेवलाय. हे शब्द गाण्याच्या फडातून आलेत. शाहिराची ओळ संपता संपता तिचं टोक उचलून पुढे नेणारा तो झीलकरी. तमाशात त्याला सुरत्या म्हणतात, कीर्तनात ध्रुपद धरणारा टाळकरी, कव्वालीत हमनवा आणि आपल्या गायन पार्ट्यांमध्ये सरळ कोरस. ज्याच्या कष्टावर गाणं उभं राहतं त्याच्या कामाचं नाव आपण खुशामतीला दिलंय. तेव्हा हा प्रश्न एखाद्या आयोजकाच्या कद्रूपणाचा नाही. तो आपल्या बोलण्यातच मुरलेला आहे.

आता झीलकरी नेमकं काय करतो ते सांगतो, कारण ‘मागे उभं राहून जी जी करायला काय लागतं’ हे वाक्य मी शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

पोवाडा ही दमाची गोष्ट आहे. शाहीर वेगात प्रसंग सांगत जातो, मध्येच गद्यात येतो, परत सुरात शिरतो. त्याला श्वास घ्यायला जागा मिळते ती झीलकऱ्यामुळे. शाहिराची ओळ संपायच्या आत झीलकऱ्याने ती उचलायची आणि वरच्या पट्टीत नेऊन टिकवायची. तेवढ्यात शाहीर दम घेतो, पुढचं कडवं मनात आणतो, समोरच्या माणसांचा अंदाज घेतो. कडवं आठवलं नाही तर झीलकरी ध्रुपद आणखी दोनदा फिरवतो आणि समोर बसलेल्या हजार माणसांतल्या एकालाही पत्ता लागत नाही. शाहीर बोलून परत गायला लागतो तेव्हा त्याला नेमका सूर सापडावा म्हणून मागे तुणतुणं चालू असतं, आणि बऱ्याच पार्ट्यांमध्ये तुणतुणं वाजवणारा आणि झील धरणारा माणूस एकच असतो. माइक बंद पडला तर सगळ्यात लांब पोचतो तो याचाच आवाज. एका रात्रीत वीसेक गाणी, प्रत्येकाची चाल वेगळी, ध्रुपद वेगळं, पट्टी वेगळी. हे सगळं पाठ, तेही समोर वही न ठेवता. आणि यातला कितीतरी जण पुढे उभा केला तर फड एकट्याने मारून नेईल अशा गळ्याचा असतो. त्याला पुढे उभं राहायची वेळ येत नाही, कारण पार्टी दुसऱ्याच्या नावावर चालते, किंवा त्याला गाणी लिहिता येत नाहीत, किंवा सभेत बोलता येत नाही, किंवा त्याच्याकडे पेटी घ्यायला पैसे नव्हते. गळा कमी होता म्हणून मागे राहिला, असं फार थोड्यांच्या बाबतीत म्हणता येईल.

आता पैशाचं.

मी शाहीर नाही. गेली काही वर्षं आमच्या भागातल्या वयस्कर कलावंतांचे मानधनाचे अर्ज भरून देतो, एवढंच. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना मानधन द्यायची राज्य सरकारची योजना 1954-55 पासून आहे. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तीन श्रेण्या होत्या आणि जिल्हा पातळीवरच्या कलावंताला 2,250 रुपये मिळायचे. एप्रिल 2024 पासून श्रेण्या काढून सरसकट महिना 5,000 रुपये केले. चांगलं केलं. सरकारने केलेल्या चांगल्या कामाला चांगलं म्हणायला माझं काही जात नाही. ज्या घरात महिन्याच्या औषधाचाच खर्च निघत नाही, तिथे पाच हजार म्हणजे काय, ते फेसबुकवर बसून कळायचं नाही.

अट अशी की वय 50 च्या पुढे हवं आणि कलेत किमान 15 वर्षांचं योगदान हवं. योगदान म्हटलं की पुरावा आला. पुरावा म्हणजे वर्तमानपत्राचं कात्रण, प्रमाणपत्र, कार्यक्रमपत्रिका, फोटो. अट वाजवीच आहे. कुणीही उठून ‘मी कलावंत’ म्हणेल, तर सरकारी पैसा असा वाटता येत नाही.

आता हा पुरावा झीलकऱ्याने कुठून आणायचा, ते सांगा.

माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. सत्तरी ओलांडलेली. एका शाहिराच्या मागे चाळीस वर्षांच्या आसपास गायले. प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळी कमाई घेऊन आलेले. तीन कात्रणं होती. तिन्हींमध्ये ‘शाहीर अमुक आणि पार्टी यांनी कार्यक्रम सादर केला’. दोन कार्यक्रमपत्रिका, त्यांवरही तेच. एक फोटो. फोटोत शाहीर स्वच्छ दिसतोय, डफ दिसतोय, आणि मागे यांच्या तोंडासमोर माइकचा दांडा आलाय. ‘हा हात माझा,’ म्हणाले. तुणतुण्यावरचा हात. प्रमाणपत्रं पुष्कळ मिळाली होती, पण ती पार्टीच्या नावाची, म्हणजे शाहिराच्या घरच्या भिंतीवर. शाहीर वारले. मुलाने भल्या मनाने पत्र लिहून दिलं की हे माझ्या वडिलांबरोबर गात होते. अर्ज परत आला. शेरा होता, ‘अर्जदाराच्या नावाचा वैयक्तिक पुरावा जोडावा.’

कुठलं कार्यालय ते सांगत नाही, कारण टेबलावरच्या माणसाशी माझं भांडण नाही. त्याला नाव छापलेला कागद हवा होता. तो कागद चाळीस वर्षांत कुणीच केला नाही. आयोजकाने केला नाही, बातमी देणाऱ्याने केला नाही, सत्कार करणाऱ्या पुढाऱ्याने केला नाही. त्यांच्या आवाजावर आम्ही टाळ्या पिटल्या, आमच्यापैकीही कुणी केला नाही. त्या एका कागदाच्या अभावी एक माणूस सरकारदरबारी कधी गायलाच नाही असा ठरला.

कुणी म्हणेल, नावाचं एवढं काय घेऊन बसलात? नाव कशाशी जोडलेलं असतं ते बघा. 1949 साली ‘महल’ सिनेमा आला. त्यातलं लता मंगेशकरांचं गाणं देशभर वाजलं आणि रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलेलं होतं ‘कामिनी’. कामिनी हे मधुबालाच्या पात्राचं नाव. म्हणजे जी गायली तिचं नाव नाही, जी गायलीच नाही त्या पडद्यावरच्या पात्राचं नाव. लताबाई त्यावर गप्प बसल्या नाहीत. नंतर फिल्मफेअरने पार्श्वगायनाला पारितोषिक ठेवलं नव्हतं, तेव्हा त्यांच्या सोहळ्यात गायला त्यांनी नकार दिला. 1959 च्या सोहळ्यापासून पारितोषिक सुरू झालं आणि पहिलं त्यांनाच मिळालं, ‘मधुमती’साठी. नाव मागितल्यामुळे लताबाई लहान झाल्या का? मग आमच्या वस्तीतल्या झीलकऱ्याने नाव मागितलं की त्याला ‘डोक्यात हवा गेली’ का म्हणायचं?

कायद्याचंही ऐका. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली मोठी दुरुस्ती झाली. गायक-वादकांचे हक्क वाढले, रॉयल्टीचा वाटा आला, नैतिक हक्क आले. त्याच दुरुस्तीत ‘परफॉर्मर’च्या व्याख्येला एक पुस्ती जोडली गेली. तिचा मतितार्थ असा: सिनेमात ज्याचं काम प्रासंगिक किंवा किरकोळ स्वरूपाचं आहे, आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच दिलं जात नाही, त्याला परफॉर्मर धरायचं नाही. अपवाद एकच, त्याच्या कामाची मोडतोड झाली तर तक्रार करता येते. कोरसमध्ये गाणारा या व्याख्येत सहज ढकलला जाऊ शकतो. आणि गंमत बघा. नाव देत नाहीत हा रिवाज निर्मात्यांचा. त्या रिवाजामुळे हक्क जातो गाणाऱ्याचा. म्हणजे ज्याने नाव गाळलं त्याचाच त्यात फायदा. हे सिनेमापुरतं आहे, मान्य. पण रीत तीच जी आमच्या बॅनरवर चालते. आधी नाव गाळायचं, मग नाव नाही म्हणून माणूसच गाळायचा.

आता नेहमीचे आक्षेप घेतो.

पहिला आक्षेप: ‘लोक मुख्य गायकाला ऐकायला येतात.’

येतात. पण ऐकतात काय? शहरातली गिटारवाली पोरं इंग्रजी रॉक ऐकतात, त्यांच्यापासूनच सुरू करतो. त्यांच्यात एक वाद कायम रंगतो, की अमुक बँडमध्ये मुख्य गायक सोडून दुसराच कसा जबरदस्त गायचा. क्वीन म्हटलं की फ्रेडी मर्क्युरी. पण ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त मधल्या भागात जे टिपेचे ‘गॅलिलिओ’ ऐकू येतात ते ड्रम वाजवणाऱ्या रॉजर टेलरचे आहेत. 1975 साली त्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टेलरनेच लिहिलेलं आणि गायलेलं गाणं होतं. रेकॉर्ड पुढच्या बाजूसाठी विकली गेली, पण गीतकाराची रॉयल्टी दोन्ही बाजूंना सारखी असल्यामुळे त्यालाही तेवढेच पैसे मिळाले. यावरून बँडमध्ये कुरबुर झाली. शेवटी 1989 च्या ‘द मिरॅकल’ या अल्बमपासून त्यांनी ठरवलं की गाणं कुणीही लिहो, नाव चौघांचं आणि पैसा चौघांचा. जगातल्या एवढ्या मोठ्या बँडला हे जमलं. बीटल्सला जमलं नाही. जॉर्ज हॅरिसनच्या वाट्याला दर अल्बममध्ये एक-दोन गाणी यायची. 1970 साली बँड मोडल्यावर त्याने जो अल्बम काढला तो तीन रेकॉर्डचा होता. एवढी गाणी माणसाच्या खिशात पडून होती. आणि मेरी क्लेटन ही बाई ऐका. 1969 साली रोलिंग स्टोन्सने तिला रात्री झोपेतून उठवून स्टुडिओत बोलावलं, ती गरोदर होती, ‘गिमी शेल्टर’ या गाण्यात तिने जो आवाज लावला तो पन्नास वर्षांनंतरही अंगावर येतो. आणि अल्बमवर तिच्या नावाचं स्पेलिंग चुकीचं छापलं. अशा मागे गाणाऱ्यांवर 2013 साली ‘ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम’ नावाचा माहितीपट निघाला, त्याला ऑस्कर मिळालं. म्हणजे हे दुखणं फक्त आपलं नाही. पण तिथे निदान स्पेलिंग चुकायला नाव छापलेलं तरी होतं.

जवळचं उदाहरण घ्या. कव्वाली आपल्या शहराला आणि खुलदाबादला नवी नाही. नुसरत फतेह अली खान कुणाला माहीत नाहीत? त्यांच्या अल्बमच्या कव्हरवर काय छापलेलं असायचं? ‘नुसरत फतेह अली खान अँड पार्टी’. तीच आपली पार्टी, लंडनपर्यंत जाऊन आलेली. त्या पार्टीत पेटीवर बसून दुसरा आवाज लावणारे त्यांचे धाकटे भाऊ फर्रुख फतेह अली खान. ज्या राहत फतेह अलींच्या गाण्यांवर आता आपल्याकडची लग्नं लागतात ते त्यांचे चिरंजीव, लहानपणापासून त्याच पार्टीत बसून तयार झाले. आज रात्री नुसरतसाहेबांचं कुठलंही जुनं रेकॉर्डिंग लावा आणि फक्त दुसरा आवाज ऐका. मुख्य गायक हवेत उंच जातो, तेव्हा खालची जमीन कुणी धरून ठेवलीये ते कळेल. ती जमीन काढा आणि मग सांगा की लोक एकाच माणसाला ऐकायला येतात.

दुसरा आक्षेप जरा भारदस्त असतो: ‘कला ही सेवा आहे. सेवेत नाव मागायचं नसतं. वारकरी टाळकरी कुठे नाव मागतो?’

हा आक्षेप घेणाऱ्यांना वारकरी परंपरा माहीत नाही, असं मला नम्रपणे म्हणायचंय. तुकोबांनी आपल्या आयुष्याबद्दल जो अभंग लिहिलाय त्यात त्यांनी स्वतःच सांगितलंय की सुरुवातीला आपण कीर्तनात पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभं राहून ध्रुपद धरलं. म्हणजे आमचा सगळ्यात मोठा कवी आधी झीलकरी होता, आणि ते सांगायची त्याला लाज वाटली नाही. पुढे ते स्वतः कीर्तनाला उभे राहिले तेव्हा त्यांच्या मागे जे टाळकरी होते ते चौदा, असं परंपरा सांगते. चौदाच्या चौदा नावं परंपरेने जपली. संताजी जगनाडे त्यांतलेच, गंगारामबुवा मवाळ त्यांतलेच. तुकोबांचे अभंग लिहून ठेवायचं काम या टाळकऱ्यांनी केलं. सतराव्या शतकात ना छापखाना, ना फ्लेक्स, ना मोबाइल, तरी मागच्या चौदा माणसांची नावं आमच्यापर्यंत पोचली. आणि आम्हाला आठ माणसांची नावं बॅनरवर बसत नाहीत.

शिवाय सेवेचा उपदेश नेहमी मागच्यालाच का? पुढचा मानधन ठरवून येतो, गाडी मागतो, राहायची सोय मागतो. मागावीच, त्याचा तो हक्क आहे. मग सेवा करायची ती टेम्पोत पेटी-ढोलकीबरोबर बसून येणाऱ्याने? कोरसमधल्या बायकांचं तर विचारूच नका. रात्रभर कार्यक्रम, कपडे बदलायला जागा नाही, संडासाची सोय नाही, पहाटे परतीचा प्रवास, घरी गेल्यावर स्वयंपाक. त्यांच्या नावाची तर एक ओळही कुठे सापडत नाही. मी भरलेल्या अर्जांत बायकांचे अर्ज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्या गायल्या नाहीत म्हणून नव्हे. त्यांच्याकडे पिशवीत घालून आणायला एक कात्रणसुद्धा नाही.

आता जरा घरचं बोलतो. हे वाचून आपलीच माणसं रागावतील. रागावू देत.

नावासाठी लढणं म्हणजे काय असतं, हे या शहराला कुणी शिकवायची गरज नाही. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाने ठराव केला आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडला. साडेपंधरा वर्षं. मधल्या काळात मराठवाड्यात घरं जळाली, पोचीराम कांबळेंसारखी माणसं मारली गेली, गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. एका नावासाठी. त्या सगळ्या वर्षांत गावोगाव जाऊन लोकांना उभं कुणी केलं? गायन पार्ट्यांनी. वामनदादांनी आणि त्यांच्यासारख्या कितीतरींनी, आणि त्यांच्या मागे उभं राहून री ओढणाऱ्यांनी. म्हणूनच दर 14 जानेवारीला गेटवर जाताना मला एक गोष्ट खुपते. स्टेजवर स्टेज लागलेले, प्रत्येक पक्षाचं, प्रत्येक गटाचं वेगळं. बॅनरवर नेत्यांचे फोटो मोजायला गेलात तर दमाल. शुभेच्छुकांची नावं पन्नास. गायकाचं नाव एक. आणि खाली बारीक अक्षरात ‘आणि पार्टी’. शुभेच्छुकाला नाव आहे, गाणाऱ्याला नाही! नावाच्या लढ्याचा उत्सव आपण बिननावाच्या माणसांकडून साजरा करून घेतो.

आणि पैशाचा हिशेब? पाकीट पुढच्याच्या हातात. तो वाटेल तसं वाटणार. काही गायक फार सचोटीने वाटतात, असे मला माहीत आहेत. पण सचोटी हा माणसाचा गुण झाला, व्यवस्था झाली नाही. समतेची गाणी गाणाऱ्या पार्टीत वाटणीचा कागद नसावा, हे कुणालाच खटकू नये?

चळवळीच्या आठवणीतही हेच होतं. 1944 साली लाल बावटा कलापथक उभं राहिलं ते तिघांच्या नावावर: अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर. अण्णाभाऊंचे पुतळे आहेत, अमर शेखांच्या नावाचं मुंबई विद्यापीठात अध्यासन आहे. गवाणकर कोण, असं दहा जणांना विचारून बघा. हा तर कलापथकाच्या स्थापनेतला तिसरा माणूस, स्वतः शाहीर. ज्याचं नाव इतिहासात आहे त्याची ही गत, तर त्या कलापथकात झील धरणाऱ्या गिरणी कामगारांचं काय?

तिसरा आक्षेप व्यवहारी: ‘जागा नसते हो. वेळ नसतो. खर्च वाढतो.’

आठ नावं वाचायला अर्धा मिनिट लागतो. व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं घेण्यात आपण वीस मिनिटं घालवतो आणि प्रत्येक वक्ता ती परत पहिल्यापासून घेतो. फ्लेक्सचा दर फुटावर असतो, अक्षरावर नसतो. यूट्यूबवर व्हिडिओ टाकताना खाली वर्णनात नावं लिहायला एक रुपया लागत नाही. कॅमेरामनचं, एडिटरचं आणि चॅनलच्या मालकाचं नाव तिथे असतंच की, मोबाइल नंबरासकट.

तर आता मागण्या. उगाच मोठ्या नाहीत, सगळ्या करता येण्याजोग्या आहेत.

आयोजकांनी, मग तो वस्तीतला जयंती उत्सव असो की सोनेरी महालात होणारा वेरूळ-अजिंठा महोत्सव, कार्यक्रमपत्रिकेवर पार्टीतल्या प्रत्येकाचं नाव आणि काम छापावं. निवेदकाने ती नावं वाचावीत. सरकारी पैशातून होणाऱ्या महोत्सवांत तर ही अटच हवी.

कार्यक्रम संपला की प्रत्येकाच्या हातात त्याच्या नावाचा साधा कागद द्यावा. ‘अमुक तारखेला अमुक ठिकाणी यांनी झीलकरी म्हणून सहभाग घेतला.’ खाली सही, शिक्का. सन्मानचिन्ह, शाल, नारळ काही नको. शाल अर्जाला जोडता येत नाही.

पार्टीप्रमुखांनी एक वही ठेवावी. तारीख, गाव, कोण कोण होतं, कुणाला किती दिले, प्रत्येकाची सही. पंधरा वर्षांनी हीच वही सगळ्यांच्या कामी येईल, प्रमुखाच्याही.

बातमी पाठवणाऱ्यांनी आणि छापणाऱ्यांनी ‘आणि पार्टी’ हे शब्द वापरणं बंद करावं. जागा कमी असेल तर एका पुढाऱ्याचं नाव कमी करा, बातमी बिघडत नाही.

जिल्ह्याच्या निवड समितीने समूहात गाणाऱ्यांसाठी पुराव्याची वेगळी पद्धत ठरवावी. हयात सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं घ्यावीत, गावातल्या लोकांचे जबाब घ्यावेत. आणि शंकाच असेल तर सगळ्यात सोपा उपाय आहे. माणसाला समोर उभं करा, एक शाहीर आणा, आणि झील धरायला सांगा. दोन मिनिटांत कळेल हा चाळीस वर्षं गायलाय की खोटं बोलतोय. गळ्याची परीक्षा कागदावर घेण्यापेक्षा ते बरं.

आणि कायद्यातली ती पुस्ती. तिच्यावर आपल्या खासदारांना प्रश्न विचारा. नाव न देण्याचा रिवाज हे हक्क नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही, एवढं साधं वाक्य संसदेत कुणीतरी म्हणायला हवं.

यातलं काहीच पुढे गाणाऱ्याच्या विरोधात नाही, हे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण उद्या कुणीतरी याचा अर्थ तसा लावणार. पुढे उभं राहणं सोपं नाही. गाणं लिहिणं, पार्टी बांधणं, गावोगाव ओळखी ठेवणं, पोलिसांच्या परवानगीपासून पावसापर्यंत सगळं निस्तरणं हे त्याच्याच डोक्यावर असतं. त्याचं नाव मोठ्या अक्षरात असू द्या. बाकीच्यांची लहान अक्षरात चालतील. पण असू द्या.

त्या गृहस्थांचा अर्ज आम्ही परत भरतोय. दोन हयात साथीदार सापडलेत, एक शेजारच्या तालुक्यात आहे, त्यांची प्रतिज्ञापत्रं करून घेतोय. त्या पार्टीने गाजवलेल्या एखाद्या जुन्या कार्यक्रमाची कॅसेट, फोटो, पत्रिका कुणाच्या घरी पडून असेल, तर फेकू नका. मागच्या रांगेतलं कोण कोण ओळखता येतं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि फोटोच्या पाठीमागे पेनाने नावं लिहून ठेवा, तारखेसकट. आणि या 14 जानेवारीला बॅनर छापायला टाकणाऱ्या माझ्या मित्रांनो, डिझाइन फायनल करायच्या आधी पार्टीवाल्यांना एक फोन करा आणि विचारा: मागे कोण कोण आहे?